रजिस्टर्ड

श्यामराव पोलादाच्या प्लांटात क्लार्क होते, म्हणजे आमच्या सेक्टरात सर्वज्ञ होते. फॉर्म कुणाचाही असो, पेन त्यांचं आणि मतही त्यांचंच.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये ते देवाजीच्या क्वार्टरात बसले होते. प्लांटातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवर उजवा हात भाजलेला देवाजी खाटेवर. लेक हिरा त्याची पट्टी बदलत होती. स्टुलावर दोन फॉर्म. एक तीन वर्षांच्या नर्सिंगचा, रायपूरला होस्टेलात राहून. दुसरा दीड वर्षाचा, खेड्यात फिरणाऱ्या नर्सबाईचा. हिराला पहिला हवा होता. उद्या शेवटची तारीख, आणि सही बापाची लागत होती.

"दीड वर्षाचा भर," श्यामराव म्हणाले. "मंग दुर्गच्या रोजगार कार्यालयात नाव टाकू. झाली रजिस्टर्ड नर्स!"

"काका, थे रजिस्टर वेगळं. नर्सचं रजिस्टर नर्सिंग कौन्सिलचं."

"मले शिकवून राहिली? वीस वर्षं रजिस्टरंच लिहून राहिलो मी."

"तुमचा पोरगा बळीराम पाच वर्षांपासून रोजगार कार्यालयात रजिस्टर्ड आहे ना? कार्डावर 'मेकॅनिक' तुमीच लिहिलं. एक सायकल तरी दुरुस्त केली का त्यानं?"

"पोट्टे, तोंड आवर," आई मथुरा म्हणाली, पदर तोंडाशी धरून.

श्यामराव लाल झाले. "देवाजी, लेकीले तीन वर्षं परगावी ठेवशील? परक्या माणसाचं अंग पुसाले?"

हिरानं पट्टी गरजेपेक्षा जोरात ओढली. देवाजी विव्हळला.

"बाबा, दवाखान्यातली सिस्टर तुमची कोन होती? डॉक्टरनं तीन आठवडे पट्टी सांगितली. दीड आठवड्यात सोडू?"

देवाजी हाताकडे बघत राहिला. "थे सिस्टर किती शिकली?"

"तीन वर्षं."

"मंग तीन वर्षांचाच भर."

पण सही कशी करणार? चाळिशीत रात्रशाळेत बसून तो सही शिकला होता. त्यानंतर अंगठा कुठेच दिला नव्हता. त्यानं डावा अंगठा पुढे केला. "दाब."

खाली छापलं होतं : अंगठा असल्यास साक्षीदाराची सही. हिरानं फॉर्म श्यामरावांपुढे सरकवला. ते हलेनात.

"कावून भाऊजी?" मथुरा म्हणाली. "सही येत नाही का तुमाले?"

श्यामरावांनी इतकी दाबून सही केली, की खालच्या दीड वर्षाच्या फॉर्मवरही ती उमटली. हिरानं तो दीड वर्षाचा फॉर्म फाडला आणि त्याच कागदानं बापाच्या अंगठ्याची शाई पुसली.