बैठक सासऱ्यांच्या घरी

माझं काम समन्वयाचं. म्हणजे दवाखाना, वाचनालय आणि वस्तीचं सामायिक स्वयंपाकघर या तिघांनी एकमेकांच्या पायात पाय न घालता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचावं, म्हणून त्यांच्या डोक्यावर बसायचं. हे मला फार छान जमतं. मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

वर्षभर दर मंगळवारी अकराला आमच्या बैठका झाल्या आणि एकाही म्हाताऱ्याच्या दारावर थाप पडली नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. बैठका बंद, म्हटलं, आता ज्याने त्याने आपल्या सोयीने घरोघरी जायचं. पहिलं घर माझ्या सासऱ्यांचं.

सासूबाई गेल्यापासून त्यांचं अन्नावरचं मनच उडालं होतं. ताट पुढे ठेवलं की दोन घास चिवडायचे आणि नंतर खातो म्हणायचे. आमच्याकडे राहायला येईनात. अंगावरचे कपडे लोंबायला लागले तेव्हा नणंदेने निक्षून सांगितलं, महिनाअखेर वजन वाढलं नाही तर ती त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

मंगळवारी अकराला मी पोचले, तर जिन्यात नर्सबाई, त्यांच्यामागे ग्रंथपाल आणि सगळ्यात शेवटी डबा घेऊन स्वयंपाकघरच्या काकू. तिघांनाही आठवड्यात मोकळा वेळ तेवढाच, आमच्या बैठकीसाठी राखलेला. मी कपाळावर हात मारला.

एवढी माणसं पाहून सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी बसा म्हटलं. तिघं बसली आणि सवयीप्रमाणे वाद घालायला लागली. आधी रक्तदाब की आधी जेवण, पुस्तक आज वाचायचं की उद्या. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांना कोणी विचारेना. सासरे जन्मभर कारखान्यात मुकादम होते.

"एकेकाने बोला," ते म्हणाले. "आणि काकू, तो डबा उघडा. उपाशी माणसांच्या भांडणाचा निकाल लावत नाही मी."

सगळ्यांना वाढून, स्वतःलाही घेऊन, याला गप्प कर, त्याला बोलतं कर, असं करता करता ते ताटभर जेवले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. आत जाऊन मी डोळे पुसले आणि बाहेर येऊन जाहीर केलं, की यापुढे बैठक इथेच. शेजारच्या दोन एकट्या आजीही मग यायला लागल्या आणि आमच्या बैठकीत पहिल्यांदाच कामाचं बोलणं होऊ लागलं.

महिनाअखेरीला नणंद रिकामी बॅग घेऊन आली, नेमकी मंगळवारी. सासरे ताटं मांडत होते.

"बाबा, निघायचं ना?"

"आज नाही जमायचं. बैठक आहे." त्यांनी आणखी एक ताट घेतलं. "तू आलीच आहेस तर जेवून जा."

या घरात असं सासूबाई म्हणायच्या. नणंदेने बॅग कोपऱ्यात ठेवली आणि बापाच्या हातातलं ताट घेतलं. वजनाचं तिने विचारलंच नाही.