राबावरची राख

बनुबाईने युरियाची रिकामी गोणी उलटी करून झटकली आणि हर्षदच्या हातात कोंबली.

"हाडं मडक्यात घ्या, ती जाऊदेत हरिहरेश्वराला. राख ह्याच्यात भरून आण."

हर्षद गोणीकडे बघत राहिला. बापाला जाळून आज तिसरा दिवस. विरारहून आल्यापासून कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि तो करत होता.

"कशाला गो आई?"

"राबावर टाकायला. ते बोलले होते."

पंचा खांद्यावर टाकून ओटीवरून निघालेला गोमाजी तिथंच थांबला. मेलेल्या कुशाबाचा हा धाकटा भाऊ.

"वैनी, डोसकं ठिकाणावर हाय ना? राख नदीत जाते. बापजाद्यांपासनं जाते. माणसाच्या राखेवर भात पेरशील नि शिजवून खाशील? मी तर तुझ्या घरचं शीत तोंडात घालणार नाय."

"म्हशीची पारडी मेली ती रायवळ आंब्याच्या बुडात पुरलीत ना तुम्ही? ते आंबे कुणी खाल्ले?"

"ते जनावर होतं."

"आणि हे कोण होते?"



"बाया मसणात येत नायत तेच बरं हाय," एवढं बोलून गोमाजी पायऱ्या उतरला. गोणीची घडी बगलेत दाबून हर्षद त्याच्यामागून गेला.

ते बोलले होते, हे खरं. कसे बोलले होते, हे मात्र बनुबाईलाच ठरवता येत नव्हतं.

गेल्या चैत्रात तिचे गुडघे धरले होते. भात पेरायच्या वाफ्यावर शेण, पातेरा, टहाळ पसरून जाळायचं, तो राब. आणि रानातून त्याचे भारे आणायचे बाईने. तिने निम्मेच आणले. राब धड पेटला नाही. अर्धवट जळलेल्या वाफ्यात उभा राहून कुशाबा ओरडत सुटला होता.

"डोंगरानं द्यायचं, पान्यानं धुवायचं, नदीनं न्यायचं नि समिंदरानं खायचं! आमी काय मधले हमाल? मेलो की माझीच राख टाक हितं, तुझ्यानं भारे होत नसतील तर. नदीला चिमूट देऊ नको!"

आणि घरी येऊन तो नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवला होता.

आता ही इच्छा म्हणायची, की बायकोला मारलेला टोमणा? दुसरा कुणी असता तर टोमणाच म्हणून सोडून देता आला असता. पण हा माणूस दर उन्हाळ्यात खालच्या बांधाशी वाहून आलेली माती घमेल्यानं उचलून वरच्या खाचरात नेऊन टाकायचा. सगळं कापडे गाव हसायचं. पावसाळ्यात ती परत खाली यायची, हा परत वर न्यायचा. असा माणूस खरंच म्हणाला असेल. किंवा नसेलही. इतकी वर्षं एका चुलीवर काढून बाईला नवऱ्याचा एक शब्द उलगडू नये, याचा तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग येत होता.

हर्षद परतला तेव्हा गोणीच्या तळाशी ओंजळ-दोन ओंजळ राख होती.

"एवढीच?"

"काकांनी सगळी नदीत लोटली. लोक होते ना सगळे. मी पाय धुवायचं निमित्त करून मागं राहिलो, कडेची मिळाली तेवढी घेतली."

"बघितलं त्यांनी?"

"नाय." त्यानं गोणीचं तोंड मुडपलं. "बहुतेक नाय."

दुपारी वाडी आडवी झाल्यावर ती एकटी राबावर गेली. ह्या वर्षीचा राब भाजून तयार होता. वरच्या कोपऱ्यात तिने गोणी रिकामी केली. पडता पडता ती राख पातेऱ्याच्या राखेत मिसळली. दोन्हींचा रंग एकच. काहीतरी वाटेल म्हणून ती उन्हात उभी राहिली. काही वाटलं नाही. कुशाबाचा मोठा वाटा तर नदीतून गेलाच होता. मग तो कुठं होता, इथं की तिथं? समुद्राचं पाणी ढग होऊन परत ह्याच डोंगरावर येतं, हे हर्षदच्या शाळेच्या पुस्तकात होतं. राख येते का, ते त्यात नव्हतं.

आषाढापर्यंत रोप वर आलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. कोपऱ्यातलं रोप इतर रोपासारखंच होतं, ना उंच, ना हिरवंगार. ती रोज जाऊन बघायची आणि रोज गोंधळून परत यायची.

गोमाजीचा राब मात्र वरून फुटलेल्या लोंढ्यानं मुळासकट धुऊन नेला. वाडीत सगळ्यांची लावणी उरकत आलेली, कुणाकडे रोप शिल्लक नाही. शेवटी डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेऊन तो तिच्या बांधावर येऊन उभा राहिला.

"वैनी, रोप उरलं असंल तर..."

उरलं होतं. नाही म्हणावं तर त्याचं खाचर पड राहणार. न सांगता द्यावं तर वर्षभर त्याला फसवून खाऊ घालायचं. आणि सांगावं तर तो इथंच फेकून जाणार.

"विहिरीकडचं घ्या, भावजी. ते चांगलं हाय."

"सगळंच चांगलं हाय."

"कोपऱ्यातलं नको. तिथं मी तुमच्या दादाची..."

"चा ठेव जा वैनी, गारठलोय," तो मोठ्यानं म्हणाला आणि तिच्याकडे न बघता चिखल तुडवत थेट वरच्या कोपऱ्यात गेला.

ती बांधावरच राहिली.

तो वाकला. दोन्ही हातांनी एक मूठ रोप उपटलं. रोप काढताना मुळांची माती झाडायला मूठ पायावर आपटतात. कापड्यात पोरंसोरंसुद्धा तशीच आपटतात. गोमाजीनं पाय उचलला होता. तो त्यानं परत चिखलात ठेवला. मूठ घेऊन तो पाटाच्या पाण्याशी खाली बसला आणि बोटांनी एकेक मूळ सोडवत ती धुऊ लागला.

दुसरी मूठही त्यानं तशीच धुतली. असं करत बसला तर त्याची लावणी दिवसभरात होणार नव्हती, आणि पाऊस वाढत होता.