बाजाराचा सीन

"हिरो चालला का जमीन दबली पायजे! आताचे पोट्टे त पंपानं हवा भरल्यावानी दिसतात," शेषरावांनी निकाल देऊन टाकला.

"अन तुया हिरो? पन्नाशीचा बाप्या कॉलेजात पयला नंबर काढून राहिला!" नागसेन खो खो हसले.

एसटीच्या परतवाडा डेपोत शेषराव मेकॅनिक, नागसेन कंडक्टर. तीस वर्षांत दोघांचं एका नटावर एकमत झालं असेल तर शपथ! रिटायर होऊन दोघेही अकोल्याला आले, तरी दुपारचा सिनेमा आणि भांडण सुटलं नाही. पूर्वी स्वयंपाकघरातून शेषरावांची बायको शकुन ओरडायची, "आवाज कमी करा जी! साऱ्या गल्लीले सिनेमा दाखोता काय?" गेल्या दिवाळीत ती गेली. तेव्हापासून टीव्ही मोठ्यानेच चालतो.

आजचा सिनेमा मात्र शेषराव श्वास रोखून बघत होते. त्यातला बाजाराचा सीन परतवाड्यात घेतलेला. तेव्हा नवी नवरी असलेली शकुन माहेरच्या मळ्यातल्या झेंडूची टोपली घेऊन बाजारात आलेली, आणि शूटिंगवाल्यांनी तिलाच हिरोच्या मागून चालायला लावलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, अशी तंबी दिली.

"मंग पाहू कुठं?" ती घाबरून म्हणाली.

"मायाकडे पाह्य," कॅमेऱ्याच्या उजवीकडे उभे असलेले शेषराव म्हणाले. "सीधी मायाकडे चालत ये."

पडद्यावर ती पानठेल्यापासून निंबाच्या झाडापर्यंत दिसायची. चार सेकंद. मग सीन तुटायचा. तरुणपणीची शकुन जगात तेवढीच उरलेली. घरात फोटो म्हणावा तर एक नाही.

ती गेल्यावर संक्रांतीला हा सिनेमा लागला, तेव्हा ती निंबाच्या पुढे गेलेली दिसली. नजरेचा खेळ, असं शेषरावांनी मनाला समजावलं. गुढीपाडव्याला पुन्हा लागला. या वेळी ती अगदी उजव्या कडेला पोचली होती, अर्धी टोपली पडद्याबाहेर. पुढच्या वेळी दिसलीच नाही तर? हे सांगायचं तरी कुणाला?

हिरो बाजारात शिरला.

"पाह्य पाह्य, विग हालला त्याचा!" नागसेन ओरडले.

शेषरावांना ऐकू आलं नाही. पानठेला आला. निंब आला. शकुनला वाट द्यायला दर वेळी बाजूला सरणारी बकरी आजही सरली. पण कुणासाठी? तिथं कुणीच नव्हतं.

"नागसेन, शकुन दिसली का तुले?"

"नाही ना बावा." नागसेनांनी चष्मा पुसला. "कापली काय रे सीनमधून?"

एवढ्यात स्वयंपाकघरात टोपली टेकवल्यासारखा आवाज झाला. आणि घरभर ताज्या झेंडूचा वास पसरला.

नागसेनांचं हसू पार उतरलं. "शेषराव... दार त बंद हाये. कोन आलं?"

ते उठायला लागले तसा शेषरावांनी त्यांचा हात धरला. शेषरावांचे डोळे भरून आले होते, पण भीती गेली होती.

"बस. थकली असन बिचारी. लय चालली."

आणि आतून कुणी ओरडायच्या आधीच त्यांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज कमी केला.