कापसाच्या बाळाची कावीळ

भेटीच्या वेळी घरात हजर माणसे (आकडा लिहावा):

मोजता आली नाहीत. जिन्यात वीस-बावीस, बाहेरच्या खोलीत तीस तरी, खिडकीला लटकलेले वेगळे. मी घरोघरी जाऊन गरोदर बायका, बाळंतिणी आणि बाळं तपासणारी नर्स. एरवी मी बेल वाजवली तरी कुणी लवकर उठत नाही. आज दार सताड उघडं होतं आणि आत शिरायला जागा नव्हती.

"सिस्टर, ढकलू नका! चमत्कार चाललाय."

मधोमध कावीळ उतरवणारे उतारेबाबा. समोर चार दिवसांचं बाळ, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं. बाबांनी त्यावरून दोन्ही हात फिरवले, स्वतःच्या बरणीतलं पाणी वाडग्यात ओतलं आणि उजवा हात त्यात बुडवला. पाणी पिवळंधमक!

"निघाली!" बाबा गरजले. "यकृताच्या सातव्या कप्प्यात लपली होती, शेपटी धरून ओढली! अजून दोनदा उतरवावी लागेल. पुढची बारा वाजता. तोवर बाळ घराबाहेर न्यायचं नाही, तोंडावरचा कपडा काढायचा नाही. उजेड लागला की कावीळ परत आत पळते."

यकृताला सात कप्पे असतात, हे आमच्या नर्सिंगच्या मॅडमनी आमच्यापासून दडवूनच ठेवलं होतं म्हणायचं.

बाळाचा रंग (दिवसाच्या उजेडात पाहावा):

शेपटी ओढून दमलेले बाबा खालच्या मजल्यावर आडवे झाले. मी बाळ आतल्या खोलीत नेलं, खिडकीशी उघडं केलं. कपाळावर बोट दाबलं, मग छातीवर, पोटावर, तळपायावर. बोट उचललं की खालची कातडी पिवळी. तळपायापर्यंत पिवळी.

बाळ दूध ओढते का:

"सकाळपासून नाही," बाळाची आई म्हणाली. "छातीशी घेतलं की झोपतो. सासूबाई म्हणतात, आराम पडलाय."

"हा आराम नाही. ही कावीळ मेंदूत गेली तर बाळ कायमचं बहिरं होईल, अपंग होईल. जीवही जाईल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, निळ्या दिव्याखाली ठेवायचं."

सासूबाई दारात आडव्या उभ्या. "बाराच्या आधी पोर हलणार नाही. पाणी पिवळं झालेलं या डोळ्यांनी बघितलंय मी. तुमच्या पिशवीत आहे का असं काही?"

पिशवीत होती एक बाहुली.

वापरलेले साहित्य:

कापडी बाहुली, नग एक. पहिलटकरणीला बाळ कसं धरायचं ते शिकवण्यासाठी. डोक्यात कापूस, पोटात वाळू, वजन तीन किलो. नाक नाही.

बाराला पाच कमी असताना सासूबाई बाबांना उठवायला खाली गेल्या. दुपटं बाहुलीला गुंडाळलं. बाळ आईच्या शालीत. ती आणि तिचा नवरा स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्याने उतरून रिक्षात बसले. जाताना नवरा एवढंच म्हणाला, "आईला तुम्ही सांभाळा." सोपं काम तो घेऊन गेला.

उपचाराला मिळालेला प्रतिसाद:

गाठोडं मी बाहेर आणून बाबांसमोर ठेवलं. त्यांनी हात फिरवले. "वा! बघा, बाळ किती शांत झालंय!"

शांत तर होतंच.

उजवा हात पाण्यात. पिवळंधमक.

"बाबा, ही कावीळ याच बाळाची ना?" मी विचारलं.

"याचीच! मुळासकट!"

मी दुपटं सोडलं.

जिन्यातल्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाईंच्या तोंडून आधी एवढंच निघालं, "माझा नातू?"

"आईबापांबरोबर दवाखान्यात. पोचलाही असेल."

त्यांनी बाहुली उलटीसुलटी करून बघितली. मग हळूच म्हणाल्या, "आणि ही कावीळ कुणाची?"

"ते बाबांना विचारा. माझ्या बाहुलीला यकृत नाही."

"घरातल्या हवेतली होती!" बाबा सावरले. "ती ओढली गेली!"

सासूबाईंनी चाळीस वर्षं भाजी निवडली होती. कीड कुठून शिरते हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी बरणीतलं पाणी स्वच्छ वाडग्यात ओतलं आणि आपला हात बुडवला. पाणी होतं तसंच. मग बाबांचा डावा हात पकडला. हा हात ते आशीर्वादासाठी कोरडा ठेवत. तो त्यांनी स्वतःच्या ओल्या तळव्यावर खसाखसा घासला आणि तळवा परत पाण्यात घातला.

पिवळंधमक.

"मलाही झाली का रे कावीळ, मेल्या?"

उरलेलं मी सांगितलं. दोन्ही हातांना आंब्याच्या झाडाच्या आतल्या सालीचा रस चोळून वाळवायचा. बरणीत चुन्याची निवळी, दिसायला साधं पाणी. दोन्ही एकत्र आले की रंग. समोर बाळ असो, बाहुली असो नाहीतर पाटा-वरवंटा.

बाबांना पळायचं होतं, पण भक्तांची गर्दीच इतकी की जिना मिळेना.

इतर सूचना:

दवाखान्यात काचेपलीकडे बाळ निळ्या दिव्याखाली उघडंवाघडं पडलं होतं, डोळ्यांवर पट्टी. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." सासूबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाण्याचा रंग बघत बसले. पोराचा बघितलाच नाही."

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी लिहिते. पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळं थोडी पिवळी होतात आणि आपोआप निवळतात. पण किती पिवळं हे घरच्या घरी ठरवू नका, नर्सला दाखवा. पिवळेपणा पायापर्यंत उतरला, बाळ दूध ओढेना, उठवूनही उठेना, तर कुणाच्याही पुढच्या वेळेसाठी थांबू नका. तडक दवाखाना गाठा. आणि कुणी हातोहात गुण दाखवला, तर बाळाकडे बघा: ते दूध प्यायला लागलं का? वाट बघून कावीळ थकत नाही. बाळ थकतं.