लंडन ते मुंबई, पावणेनऊ तास

माझा भाऊ श्रीनाथ सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत लंडनहून मुंबईला येताना विमानातच गेला. हृदय बंद पडलं. वय एकतीस. विमानकंपनीने दिलेला कागद भाऊकाकांनी आपल्या कपाटात ठेवला आणि आम्हाला वेळ सांगितली, दुपारी तीन पन्नास.

विमान सुटलं होतं आपल्या साडेतीनला. म्हणजे वीस मिनिटांत सगळं संपलं. आई वर्षभर तेच म्हणत राहिली, "तिथली हद्दसुद्धा सोडली नाही गं त्याने. मीच पत्रांवर पत्रं घालून बोलावलं. त्याला यायचंच नव्हतं."

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तो कागद मी एकदाही मागितला नव्हता.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं, तेव्हा गुरुजींना दाखवायला काकांनी तो बाहेर काढला.

"काका, इथे १५.५०पुढे जीएमटी लिहिलंय."

"असेल. शिक्का सहार विमानतळाचा आहे ना? शिक्का जिथला, वेळ तिथली. बत्तीस वर्षं नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्यात मी, सुचेता."

"तुमच्या नोंदींतली माणसं भिवंडीतच मरत होती, काका."

बोलल्यावर मला वाईट वाटलं. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"काय चुकलं?" तिने विचारलं.

मी त्या कागदाच्या पाकिटामागे आकडे मांडले. ग्रीनिचची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. विमान तिथल्या दहाला सुटलं, म्हणजे तीन पन्नासला ते पाच तास पन्नास मिनिटं हवेत होतं. सगळा प्रवास पावणेनऊ तासांचा, अंतर सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर. मी पुन्हा एकदा पडताळून पाहिलं.

"आई, तो चार हजार आठशे किलोमीटर आला होता. तीनातले दोन भाग. तीन ताससुद्धा उरले नव्हते."

"नक्की?"

"शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे."

आई खाली बसली. "मग आपल्याकडे किती वाजले होते?"

"रात्रीचे नऊ वीस."

"तेव्हा आपण धामणकर नाक्यावर गाडीत बसत होतो. त्याला आणायला."

"हो."

काकांनी गेल्या वर्षीचं पंचांग उघडलं. त्या दिवशी चतुर्थी संध्याकाळी सहा चाळीसलाच संपली होती. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वहिनी, दर महिन्याचं श्राद्ध मी चुकीच्या तिथीला केलं."

"तुम्ही केलंत, भाऊजी. दुसरं कोण करणार होतं?" आई म्हणाली. मग पदराने तोंड पुसून ती उठली. "गुरुजींना आत्ताच निरोप द्या. पंचमीला या म्हणावं."

काका चपला घालून निघाले. आईने तो कागद माझ्याकडून मागून घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. वेळ कुठे लिहिलीय, एवढं तिने विचारलं आणि मी बोट ठेवून दाखवलं.