कुटुंबाची रांग

साहेब बुधवारी सकाळी गेले आणि दुपारी दोनच्या आत त्यांच्या अंत्यविधीची फाइल माझ्या टेबलावर आली. चांगली जाडजूड फाइल. आपल्या अंत्यविधीला कोण कुठे बसेल हे साहेबांनी तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, पानापानावर सही करून. आयुष्यभर सगळ्यांना जागा दाखवत आलेला माणूस मेल्यावर ती सवय कशी सोडेल?

मी राजशिष्टाचार विभागात सव्वीस वर्षं काढली. कोणाला कुठे बसवायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं, करताना केस पिकतात. घरच्या कार्यात मानपानावरून रुसणाऱ्या आत्यामावश्यांना लोक हसतात. त्यांनी एकदा माझ्या टेबलाशी येऊन मंत्र्यांचे रुसवेफुगवे बघावेत. आम्ही आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने खुर्च्या मांडतो. सचिवांची सही झाली की शाईने गिरवतो आणि नावांच्या चिठ्ठ्या छापायला देतो. शाई लागल्यावर बदल नाही. सूट एकच आहे: कार्यक्रमाला दहा मिनिटं उरली असताना पुढची खुर्ची रिकामी दिसली, तर हजर अधिकाऱ्याने आपल्या मर्जीने ती भरायची, कारण कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसता कामा नये. मी एकदा अशा खुर्चीवर एका राजदूताचा ड्रायव्हर बसवला होता, आणि तो राजदूतापेक्षा रुबाबदार दिसला होता.

सभागृहाची पहिली रांग कुटुंबाची. दोन खांबांच्या मधे चौदा जागा बसतात, पंधरावी नाही. साहेबांच्या यादीत आई, पत्नी, मुली, जावई, नातवंडं, एक मेहुणा होता, आणि त्यांच्यात तेल कंपनीचे तिघे: अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष. तीन नंबरच्या खुर्चीपुढे नुसती रेघ ओढलेली होती. त्या रेघेचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्या इमारतीच्या पाठीमागे पाटी नसलेली चार मजली इमारत आहे. गुप्तचर खातं तिथे बसतं. आम्ही तिला ‘मागचं ऑफिस’ म्हणतो. तिथून कोणी येणार असेल तर त्याची चिठ्ठी कोरी ठेवायची असते.

“कुटुंबाच्या रांगेत?” मी सचिवांना विचारलं.

“साहेबांनी स्वतः लिहिलंय,” सचिव म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. अडचणीचं काही निघालं की त्यांचा चष्मा खराब होत असे.

खरं तर नवल वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. साहेब अकरा वर्षं त्या कंपनीचे वकील होते. मग उत्तरेकडच्या तेलविहिरींवर संप झाला, मागच्या ऑफिसने एका दिवसात एकोणीस माणसं उचलली आणि संप मोडला. वर्षाच्या आत साहेब मंत्री झाले, पुढे देशाचे प्रमुख झाले, आणि विहिरी कंपनीकडेच राहिल्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप होतं. माझ्याही होतंच. मला निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

रांगेच्या डाव्या टोकाला, एक नंबरवर, साहेबांच्या आईची चाकाची खुर्ची. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र शाबूत. त्यांच्या शेजारी दोन नंबरवर कंपनीचे उपाध्यक्ष आणि पलीकडे ती रेघ. पोटचा मुलगा गेलेल्या बाईच्या शेजारी सून नाही, नात नाही, तेल कंपनीचा उपाध्यक्ष. सून कॅमेऱ्यासमोर मध्यभागी हवी होती. मला ते चीड आणणारं वाटलं, पण मी निमूटपणे शाई फिरवली.

गुरुवारी दुपारी शिपाई सांगत आला की बाहेरच्या बाकावर एक माणूस सकाळपासून बसून आहे, उठायचं नाव घेत नाही. मी त्याला आत बोलावलं. पासष्टीचा असेल. उंच, खांदे उतरलेले, इस्त्री केलेला पण जुना कोट. तो खुर्चीवर बसला नाही.

“मॅडम, मला जागा नको. फक्त आईजवळ उभं राहू द्या.”

“कोणाच्या आईजवळ?”

“गेला त्याच्या. मी त्याचा मोठा भाऊ.”

मोठा माणूस मेला की भाऊ उगवतातच. मागच्या राष्ट्रप्रमुखांच्या वेळी मी सहा मोजले होते. याचीही मी दोन गोड शब्दांत बोळवण करणार होते. पण त्याने ओळखपत्र पुढे केलं. आडनाव तेच होतं, वडिलांचं नाव तेच, जन्मगाव तेच. आणि आवाज तर मी वीस वर्षं रेडिओवर ऐकत आले होते. फक्त याच्या आवाजात हुकूम नव्हता.

मी त्याला बसवलं आणि चहा मागवला. तो हळूहळू बोलला. विहिरीवर तो ड्रिलिंगचा फोरमन होता. गंजलेला वॉल्व्ह बदलून द्या म्हणून तीनदा अर्ज केले, चौथ्या वेळी आग लागली आणि सात माणसं जळून मेली. त्याने काम बंद करायला लावलं. मग त्याला उचललं. चार वर्षं आत काढली, आणि सुटल्यावर दक्षिणेच्या बंदरगावाबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला. अशी तेवीस वर्षं गेली.

“काल बातमी ऐकली,” तो म्हणाला. “म्हटलं, आता परवानगी तरी कोणाकडे मागू? सरळ बसमध्ये बसलो.”

“साहेबांनी तुमच्यासाठी काहीच केलं नाही?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“त्याला कळलंच नसणार, मॅडम. कंपनीने त्याच्या पाठीमागे केलं सगळं. कळलं असेल तोवर हात बांधले गेले असतील त्याचे. तो तसा नव्हता हो. लहानपणी वीज कडाडली की माझ्या पांघरुणात शिरायचा.” त्याने कप खाली ठेवला. “आईला मी दर महिन्याला पत्र टाकलं. एकाचंही उत्तर आलं नाही. मधेच कोणीतरी दाबत असणार. तिला वाटत असेल, थोरला मेला, नाहीतर आईला विसरला. तेवढा तिचा गैरसमज काढतो आणि परत जातो.”

मी सचिवांना फोन केला, सचिवांनी साहेबांच्या घरी. पाच मिनिटांत उत्तर आलं.

“असा कोणी नाही,” सचिव म्हणाले.

“त्याचं ओळखपत्र माझ्या हातात आहे, सर.”

“मग ते त्याला परत द्या.”

मी फोन खाली आपटला. रागाने. सव्वीस वर्षं मी भलत्यासलत्यांना मानाच्या खुर्च्या दिल्या होत्या, आणि एका आईशेजारी तिच्या मुलाला उभं करायचं तर माझ्याकडे फूटभर जमीन नव्हती. मी काय करणार आहे हे तेव्हाच ठरलं. उद्या साडेदहाला बाजूच्या दाराशी या, कोट हाच घाला, एवढंच मी त्याला सांगितलं आणि मदतनीसाचा पास दिला.

मग मी उपाध्यक्षांचा पास काढला आणि त्यावर चार नंबरचं फाटक लिहिलं. कंपनीच्या बाकी दोघांना दोन नंबरचं दिलं. चार नंबरवर मागच्या ऑफिसची माणसं उभी राहणार होती, आणि ती स्वतःच्या सासऱ्याचेही मोजे काढून बघतात.

शुक्रवारी दहा पन्नासला दोन नंबरची खुर्ची रिकामी होती. उपाध्यक्ष चार नंबरच्या फाटकावर आपल्या खिशातल्या पेनाचा खुलासा देत होते. मी मोठ्या भावाला कोपराला धरून आणलं, चिठ्ठी उचलून पर्समधे टाकली आणि त्याला बसवलं. पाच मिनिटांनी उपाध्यक्ष घामाघूम होऊन आले, तेव्हा मी त्यांना अत्यंत आदराने तिसऱ्या रांगेत नेलं. बघून घेईन, असं ते दातओठ खात म्हणाले. पुढे त्यांनी बघून घेतलंही. हल्ली मी तळघरात जुन्या फायली लावते.

तीन नंबरवर करड्या सुटातला, टक्कल पडलेला एक माणूस बसला होता. शेजारी कोण आलं हे त्याने पाहिलं आणि मान थोडी झुकवली.

“तब्येत बरी दिसतेय,” तो म्हणाला.

मोठ्या भावाच्या मानेची शीर ताठ झाली. दोघांची ओळख कुठली असेल हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. करड्या सुटाने आरडाओरडा केला नाही. कॅमेऱ्यासमोर तमाशा करणं त्याच्या धंद्यात बसत नसावं. तो पुढे शवपेटीकडे पाहत राहिला.

माझी जागा खांबाआड होती, आजींपासून दोन पावलांवर. बँड सुरू झाला. मोठा भाऊ आईकडे वाकला.

“आई.”

आजींनी मान वळवली नाही. “थोरला का?”

“हो.”

“आवाज बसलाय तुझा. गार वाऱ्यात काम करतोस, गळ्याला काही गुंडाळत जा.”

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, बाई, एक तरी चांगलं काम झालं तुझ्या हातून. त्याने आजींचा हात दोन्ही हातांत घेतला होता.

“आई, मी तुला पत्रं लिहीत होतो. दर महिन्याला. तुला मिळाली नसतील, पण मी लिहीत होतो.”

“मिळाली ना,” आजी म्हणाल्या.

त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“सगळी मिळाली. धाकटा आणायचा रविवारी. बसून वाचून दाखवायचा. तुझा पाय मोडला होता ते, खोलीत पाणी शिरलं ते, सगळं ठाऊक आहे मला.”

“तो वाचायचा?”

“मला कुठे दिसतंय?” आजी थोडं थांबल्या. बँड मोठा झाला होता आणि त्या त्याच्यावरून बोलत होत्या, त्यामुळे मला एकेक शब्द ऐकू आला. “सही करायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, आई, ते दादाविरुद्ध जबाब लिहून मागतायत. दिलं नाही तर मलाही उचलतील. दिलं तर मी वर जाईन, आणि वर गेलो की दादाला सोडवून आणेन. काय करू सांग. मी म्हटलं, दे.”

करड्या सुटातल्या माणसाने हलकेच घड्याळ पाहिलं.

“मला वाटलं, एक तरी राहील आणि तो दुसऱ्याला आणेल,” आजी म्हणाल्या. “दर वर्षी विचारायचे त्याला, कधी आणतोस. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. मग मी विचारायचं सोडलं.”

“आई, उत्तराची एक ओळ...”

“काय लिहायला सांगणार होते मी त्याला?”

तेव्हा मला माझीच शरम वाटली. हा माणूस तेवीस वर्षं एका समजुतीवर तगला होता: भाऊ बिचारा होता आणि पत्रं चोरीला जात होती. मी त्याला हाताला धरून आणलं आणि ती समजूत काढून घेतली. बंदरात राहिला असता तर निदान तेवढं तरी त्याच्याजवळ राहिलं असतं.

निवेदकाने कुटुंबाला फुलं वाहायला बोलावलं. प्रथम मातोश्री. मी पुढे झाले, कारण आता तो उठून जाईल असं मला वाटलं. मी असते तर गेले असते. पण त्याने मला हाताने थांबवलं, फुलं आजींच्या मांडीवर ठेवली आणि खुर्ची ढकलत नेली. पेटीची कड आजींना सापडेना, तेव्हा त्याने त्यांचा हात धरून कडेवर ठेवला. त्याने स्वतः फूल वाहिलं नाही. धाकट्याच्या चेहऱ्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला, इतका की मागे साहेबांच्या पत्नी खाकरल्या.

मग त्याने आईची खुर्ची परत आणून जागेवर लावली, चाकांचा ब्रेक लावला आणि तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली. बसला मात्र नाही.

“निघालास?” आजींनी विचारलं.

“हो.”

“रागावलास?”

“माहीत नाही, आई. अजून काहीच कळत नाही मला.”

आजींनी हवेत हात चाचपला. त्याने तो धरला नाही. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि एखाद्या लहान मुलीसारख्या घाबऱ्या आवाजात विचारलं, “पत्र लिहशील ना?”

तो वाकला. मला वाटलं, तो आता ओरडेल. पण तो अगदी समजुतीने बोलला, म्हाताऱ्या माणसाला वाट सांगावी तसा.

“आता वाचून कोण दाखवणार, आई?”

आणि तो बाजूच्या दाराने निघून गेला.