एका लिटरचे चौदा किलोमीटर

मित्रांनो, काका-काकूंच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे उजवा आरसा दोऱ्याने बांधलेली निळी मोटार दिसते ना, ती मी. माझे वय सत्तावीस. मोटारींमध्ये मी पणजीच लागते.

कारखान्यातून आले तेव्हा माझा काय रुबाब होता! काकू माझ्यावरच गाडी शिकल्या. त्या रुग्णालयात परिचारिका. कामावरून अवेळी बोलावणे आले, तरी मी कधी त्यांना दगा दिला नाही. त्यांची लेक दोन दिवसांची असताना माझ्याच मागच्या सीटवरून घरी आली. त्या दिवशी काकांनी मला इतके हळू चालवले, की सायकलवाले पुढे गेले.

पुढे लेक मोठी होऊन दूर गेली आणि माझ्याकडे कुणाचे लक्ष राहिले नाही. फिल्टरमध्ये धूळ साचली, एक ब्रेक चाकाला चिकटून राहू लागला, डिकीत जुन्या फरश्यांची दोन पोती येऊन बसली. धापा टाकत मी लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर जायची. शेवटी काकूंनी भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितले. मला रडता येत असते तर मी रडले असते.

काका मात्र हटून बसले. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षे सहायकाचे काम केले होते. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन निघतो, तो इंजिनला पाजला की पेट्रोल वाचते, असे त्यांनी कुठेसे वाचले होते. काकूंनी एकच अट घातली: शनिवारी लिटरला चौदा किलोमीटर गेली तर गाडी राहील. वर त्यांनी हेही बजावले, की त्या दिवशी गाडी त्या स्वतः चालवणार, कारण काका उतारावर इंजिन बंद करतील.

काका कामाला लागले. काकूंची बिस्किटांची बरणी न विचारताच पळवली. तिच्यात स्टीलच्या पट्ट्या, पाणी आणि चिमूटभर सोडा टाकला, बॅटरीपासून वायर आणली आणि रबरी नळी माझ्या हवेच्या वाटेला जोडली. वायरीत एक छोटा फ्यूज बसवला. बुडबुडे उठताच काका टाळ्या पिटत नाचले. पण नळी जोडायची म्हणून त्यांना फिल्टर उघडावा लागला, आणि आतली धूळ पाहून ते ओशाळले. मग त्यांनी प्लग घासले, चिकटलेला ब्रेक मिस्त्रीकडून मोकळा करून घेतला, टायरांत हवा भरली, फरश्या बाहेर काढल्या. प्रयोगात हयगय चालत नाही, असे ते मला सारखे सांगत होते. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी बोलत होते!

शनिवारी निघताना एक वायर सैल वाटली म्हणून काकांनी ती आवळली. काकूंनी टाकी गळ्यापर्यंत भरली आणि छप्पन्न किलोमीटरचा फेरा मारला. चढावर मी एकदाही खोकले नाही. परत त्याच पंपावर टाकी भरली, तर काटा चार लिटरच्या आतच थांबला. चौदा किलोमीटरच्या वर! काकांनी पंपवाल्यालाच मिठी मारली. गल्लीत बातमी पसरली, मिस्त्रीनेही स्वतःसाठी एक बरणी सांगून ठेवली.

सायंकाळी कपडे भिजवताना काकूंनी काकांच्या शर्टाचा खिसा तपासला आणि तशाच शेडमध्ये आल्या. तळहातावर फ्यूज होता.

विजेच्या कशालाही हात लावण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवायचा, ही काकांची प्रयोगशाळेतली सवय. सकाळी वायर आवळताना त्यांनी तेच केले आणि तो परत लावायचा विसरले. बरणीत अख्ख्या फेरीत एक बुडबुडाही उठला नव्हता. मला पहिल्या वळणापासून ठाऊक होते, पण सांगणार कशी?

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे माझी बरणी फुकटच गेली," ते म्हणाले.

काकू माझ्या बॉनेटवर हात ठेवून हसल्या. "अहो, बरणी गेली, गाडी तर राहिली ना? तुमच्या हातांनी निगा राखली म्हणूनच चालली ती. भंगारवाल्याला सांगा, येऊ नकोस म्हणावं."

दुसऱ्या दिवशी फ्यूज लावून काकांनी तोच फेरा मारला. आकडा तसूभर हलला नाही. तेव्हा बरणी स्वयंपाकघरात परतली. तिच्या झाकणाला दोन भोके आहेत, बिस्किटे मऊ पडतात आणि काकू रोज कुरकुरतात.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू कुरकुर करू लागली, तर तिला टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. धूळ पुसा, अडकलेले सोडवा, उगाच लादलेले ओझे उतरवा. आम्हाला त्याहून जास्त काही लागत नाही.

आता काका दर महिन्याला माझा फिल्टर साफ करतात आणि शेडच्या भिंतीवर खडूने आकडा लिहितात. परवा त्यांनी चौदा खोडून पंधरा लिहिले.